नदीतला मंगळ

चाकं फिरत होती आणि गाडी जागची हलत नव्हती. बबनरावांनी हिरव्या जाळीच्या फटीला पुन्हा डोळा लावला. सहा चाकांतली पुढची दोन वाळूत निम्मी, पार तुंब्यापर्यंत गेली होती. मागची चार नुसतीच वाळू उपसत होती. जरा वेळ गुरगुरून चाकं थांबली. गाडीच्या उंच मानेवरचा काचेचा डोळा समोरच्या ढिगाकडं रोखलेला होता, तो तसाच राहिला.

"बसली," बबनराव म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं.

मांडवगणच्या शिवेला भीमेचं पात्र चांगलं रुंद आहे. उन्हाळ्यात पाणी पलीकडच्या काठाला सरकतं आणि अलीकडं उरतात ते वाळूचे ढीग, त्यांच्यामधले खड्डे आणि काळे धोंडे. परग्रहावरची जमीन साधारण अशीच असते, असं पुण्याच्या एका संस्थेच्या माणसांचं मत पडलं. त्यांनी रीतसर परवानगी काढली, पात्राच्या एका तुकड्याला चारी बाजूंनी जाळी मारली आणि ही सहा चाकांची गाडी आणून आत सोडली. गाडी म्हणजे मोठ्या वासराएवढी. पाठीवर काळ्या काचेची पाटी, पुढं लांब मान. हिच्यासारखीच दुसरी, थोरली गाडी पुढं यानात बसून खरोखरच्या मंगळावर जायची होती. तिला तिथं चालता येईल की नाही, हे या धाकटीनं इथं नदीत दाखवून द्यायचं होतं.

काठावर, बबनरावांच्या उसाच्या बांधाला लागून, पत्र्याची केबिन उभी होती. तिच्या खिडक्यांना आतून काळा कागद लावलेला. परीक्षा संपेपर्यंत आतल्या चौघांनी बाहेर यायचं नाही, फोन करायचा नाही, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही. जेवणाचे डबेसुद्धा एका झरोक्यातून आत जायचे. गाडीचा डोळा जेवढं दाखवील तेवढंच त्यांचं जग. आणि तेही मागवावं लागायचं. इकडून 'फोटो काढ' म्हणून सांगायचं, ते मुद्दाम उशिरानं पोचवायचं, मग तिकडून फोटो यायचा. परग्रह काही पलीकडच्या आळीत नसतो, हाक मारली की ओ द्यायला.

या चौघांत गाडी चालवायचं काम होतं बबनरावांच्या धाकट्या लेकीकडं, शितलकडं.

डेअरीवर दूध घालायला गेलं की लोक बबनरावांना सोडत नसत. "पोरीच्या पत्रिकेत मंगळ असतोय हे ऐकून हुतो," पोपटराव कॅन खाली ठेवता ठेवता म्हणायचे. "पर मंगळाच्याच पत्रिकेत पोरगी घुसली, हे आबा तुमच्याच घरात बघाय मिळालं." सगळे हसायचे. बबनरावही हसायचे, पण मिशीच्या आतल्या आत.

कारण पत्रिकेचं प्रकरण घरात खरंच उभं होतं. बबनरावांच्या बायकोचे, सिंधूबाईंचे, थोरले भाऊ मारुतराव दौंडला असतात. त्यांनी तिकडचंच एक स्थळ आणलं होतं. घर मोठं, माणसं वजनदार, पोरगा सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. नाव ठेवायला जागा नव्हती. बबनरावांनी अर्धा शब्द देऊन टाकला आणि मग शितलला सांगितलं. ती त्या वेळी सोप्यात उभी राहून बुटाची नाडी बांधत होती. तिनं नाडी पुरती बांधली, मगच मान वर केली.

"आप्पा, पैज लावता?"

"कसली?"

"नदीतली परीक्षा. मशिन आपल्या चाकांनी त्या टोकाला पोचलं तर मी टीमबरोबर मोठ्या मशिनच्या कामाला बंगळूरला जाणार. तिथलं काम संपेपर्यंत कुणी स्थळाचं नाव काढायचं न्हाई."

"आन् न्हाई पोचलं तर?"

"तर तुम्ही सांगाल त्या पाटावर बसंन. पदर घेऊन."

सिंधूबाई आतून म्हणाल्या, "जुगार खेळताय व्हय लग्नाचा? बापलेकीला लाज वाटंना." पण पैज लागली ती लागली. दोघंही एका मातीचे. भावकीत, दौंडात, डेअरीवर, सगळीकडं ती पसरली.

आणि आता गाडी रुतली होती. मारुतरावांचा सकाळीच फोन येऊन गेला होता. पाहुणे बैठकीला यायचं म्हणत होते, त्यांना उद्या दिवस मावळायच्या आत होय की नाही ते कळवायचं होतं. बबनरावांना आता नुसता एक फोन लावायचा होता. ते जाळीपाशी उभे राहिले. पैज जिंकल्यावर माणसाला जे वाटायला पाहिजे ते काही त्यांना वाटेना.

चाकं पुन्हा गुरगुरली. पुढचं उजवं चाक आणखी बोटभर खाली गेलं.

"अगं, मागं घे आधी, मागं," ते पुटपुटले. गाडी मागं आली नाही. पुन्हा तेवढंच पुढं जायचं बघितलं आणि थांबली. केबिनीकडं बघितलं तर काळे कागद. आत पोरगी काय करत असेल? लहानपणी गणित सुटलं नाही की ती वेणीचं टोक तोंडात धरायची.

राखणीला बसलेला हौसराव भाकरी खायला वरच्या लिंबाखाली गेला होता. त्याची पाठ इकडं होती. ऊन मी म्हणत होतं. पात्रात चिटपाखरू नव्हतं.

एक गोष्ट या मुलखात कुणाला शिकवावी लागत नाही. रस्त्यात कुणाची गाडी रुतली तर पुढं जायचं नसतं. भावकीत कोर्टकचेरी चालू असो, बांधावरून डोकी फुटलेली असोत, उसाची ट्रॉली चिखलात बसली की समोरचा माणूस येतो, धोतराचा काष्टा खोचतो, खांदा लावतो. ट्रॉली निघते. मग दोघं एकमेकांकडं न बघता आपापल्या वाटेनं जातात आणि तारखेला कोर्टात पुन्हा उभे राहतात. बबनरावांनी अशा किती गाड्या काढल्या होत्या आणि त्यांच्याही कितीकांनी. त्यांचा डावा पायही असाच, दुसऱ्याचा ट्रॅक्टर काढताना चाकाखाली आला होता. तेव्हापासून ते तो ओढत चालायचे. पण म्हणून नंतर कुणाच्या गाडीला त्यांनी खांदा दिला नाही, असं झालं नव्हतं.

त्यांनी जाळी उचलली आणि वाकून आत गेले.

जवळून गाडी वेगळीच दिसत होती. अंगाला वायरी, नळ्या, पाठीवरच्या काचेवर धूळ. ते मागच्या अंगानं गेले. पुढून जायचं नाही एवढं भान त्यांना होतं; डोळा पुढं होता. बाजूनंच गुडघ्यावर बसून त्यांनी दोन्ही हातांनी पुढच्या चाकांपुढची वाळू ओढून काढली. एक चपटा धोंडा शोधून उजव्या चाकाखाली सारला. मग मागं येऊन खांदा लावला आणि वाट बघत राहिले. चाकं उन्हानं तापलेली होती. लोखंडाला लोखंडाचा वास नव्हता, कसलाच वास नव्हता.

बऱ्याच वेळानं खांद्याला थरथर जाणवली.

"हां, चल," ते बैलाला म्हणावं तसं म्हणाले. "चल माझ्या राजा. उचल."

त्यांनी रेटा दिला. उजवं चाक धोंड्यावर चढलं, डावं वाळूतून सुटलं आणि गाडी हिसका देऊन पुढं गेली. इतकी हलकी गेली की बबनराव हातांवर पालथे पडले. उठून बघतात तर गाडी खड्ड्याच्या कडेवर उभी. तशीच थांबली. आणि मग काठावरून, त्या बंद पत्र्याच्या आतून, टाळ्यांचा आवाज आला. कुणीतरी आरोळी मारली. ती शितलची नव्हती, पण टाळ्यांत तिच्या टाळ्या असणारच.

बबनराव अंग झटकत जाळीबाहेर आले. उसाच्या सरीतून घराकडं जाताना त्यांना हसू येत होतं. आपणच आपली पैज बुडवली होती.

*

"हाताला काय झालं?" सिंधूबाईंनी तांब्या पुढं करत विचारलं.

"काय न्हाई. मोटारीपाशी खरचटलं."

"मोटार तर कालपासनं बंद हाय. लाईट कुठं हाय?"

बबनरावांनी चूळ भरली आणि तोंड पुसायला जरा जास्तच वेळ लावला.

"हौसराव येऊन सांगून गेला," सिंधूबाई म्हणाल्या. "मशिन सुटलं म्हणं. पार खडकापर्यंत गेलं. पोरं आत नाचायला लागली हुती." त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "तुमची पैज जायाला आली की."

"जाऊ दे."

"जाऊ दे?" त्यांनी नवऱ्याकडं नीट बघितलं. "अवो, सोसायटीच्या निवडणुकीत एका मतानं पडला तवा तीन दिस जेवला न्हाईत तुम्ही. आन् आता जाऊ दे म्हणताय."

मग बबनरावांनी सांगून टाकलं. सांगताना त्यांना वाटलं, बायको खूश होईल. लेकीच्या बाजूनं ती आधीपासून होती, फक्त भावाच्या तोंडासमोर बोलत नव्हती. पण सिंधूबाई खाली बसल्या. त्यांनी तांब्या उगाच उजवीकडचा डावीकडं ठेवला.

"तिला कळलं तर?"

"कसं कळंल? डोळा पुढं, मी मागं."

"तिनं सांगितलेलं न्हवं, तिथं माणूस नसतोय म्हणून? हात लावायचा न्हाई म्हणून?"

"अगं पर रुतलेली दिसली! काय करायचं मग, बघत बसायचं?"

सिंधूबाईंनी पोरीसाठी बांधून ठेवलेला शिऱ्याचा डबा पुन्हा उघडून बघितला, झाकण लावलं आणि तो हौसरावाच्या हाती केबिनीकडं पाठवून दिला. दिवस मावळताना डबा परत आला. शिरा तसाच होता. चमचासुद्धा लावलेला नव्हता.

*

सकाळी हौसराव अंगणात उभा होता, टोपी हातात घेऊन. पूर्वी तो सणसवाडीच्या एका कंपनीत गेटवर होता. तेव्हापासून काहीही घडलं की त्याच्या तोंडात कंपनीचे शब्द यायचे.

"आबा, माझा रिपोर्ट झालाय. वाळूत ठसे घावले. माणसाचे. मी जागेवर न्हवतो हे मला मान्य करावं लागलं. आता शिफ्टवरनं काढत्यात बगा मला."

बबनरावांनी खुंटीवरची टोपी घेतली. "चल," ते म्हणाले. "तुला कोण काढत न्हाई."

जाळीबाहेर छत्रीखाली परीक्षेचे प्रमुख बसले होते. चष्मेवाले, शांत, उन्हानं नाक सोललेलं. सगळे त्यांना सर म्हणत. बबनराव समोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, काल मी आत गेलतो. ह्या माणसाचा दोष न्हाई. तो जेवत हुता, मी चोरून गेलो."

सरांनी आधी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मग पायाकडं. "बसा आबा," ते म्हणाले.

"बसत न्हाई. पोरीला शिक्षा नको. तिला ठावं न्हवतं. गाडी आपणहून निघाली आसंच तिला वाटलं असंल."

"तसं आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं. परीक्षक तर गुण देऊन मोकळे झाले होते." सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "गाडी पुढं निघाली की मागं बघायचं काही कारण नसतं. वेळ जातो, बॅटरी जाते. पण खडकापाशी पोचल्यावर शितलनं गाडीची मान मागं वळवली आणि फोटो मागवला. साथीदारांनी विचारलं कशाला, तर म्हणाली, गाडी निघाली ती माझ्या हिशेबानं निघालेली नाही."

"मग?"

"फोटोत ठसे आले. तिनंच आतून लिहून पाठवलं की बाहेरच्या माणसानं धक्का दिलेला आहे, ही सुटका धरू नये."

"बाहेरच्या माणसानं," बबनराव म्हणाले. "कुणी, ते लिवलं का?"

"ठशांवरून ओळख पटत नाही, असं लिहिलंय."

बबनरावांनी जाळीतून आत बघितलं. खड्ड्यापासून जाळीपर्यंत ठसे अजून तसेच होते. उजवं पाऊल पुरतं उमटलेलं, डाव्याच्या जागी ओढल्याची रेघ. पाऊल, रेघ. पाऊल, रेघ. शितल सात-आठ वर्षांची असताना भाकरी घेऊन रानात यायची तेव्हा आप्पा कुठल्या वाफ्यात आहेत हे ती कुणाला विचारायची नाही. पाणी दिलेल्या सरीतून हे ठसे बघत बघत बरोबर येऊन उभी राहायची.

त्यांनी जाळी सोडली.

"आता काय हुईल, साहेब?"

"नियमानं तिच्यापुढं दोन वाटा ठेवल्या. एक म्हणजे, गुण कापून घ्यायचे आणि आहे तिथून पुढं जायचं. पुढचा रस्ता सोपा आहे, टोकाला पोचली असती. काठावर का होईना, निवड झाली असती."

"आसती म्हंजी?"

"तिनं दुसरी वाट धरलीय." सरांनी पात्राकडं बोट केलं.

खडकांच्या बाजूनं गाडी येत होती. तोंड इकडं करून, स्वतःच्याच चाकोरीतून, गोगलगाईच्या चालीनं. येताना थांबत होती. थांबली की बबनरावांना वाटायचं, झालं, आता वळेल, आता हिला शहाणपण सुचेल. पण थोड्या वेळानं चाकं पुन्हा फिरायची. ती खड्ड्याच्या कडेला आली. तिथं बबनराव पालथे पडले होते, त्यांच्या तळव्यांचे दोन ठसे होते. त्यांवरून चाक गेलं. मग गाडी हळूहळू सगळी वळली, मागच्या अंगानं खड्ड्यात उतरली आणि कालच्या जागी, बबनरावांचा धोंडा वीतभर टाळून, कालच्या तोंडानं उभी राहिली. वाट बघितल्यासारखं केलं आणि पुढं रेटा दिला. पुढची चाकं फिरली, वाळू उडाली, चाकं बसली.

"अहो, रुतली की पुन्हा!" हौसराव ओरडला.

"तिनंच घातली," सर म्हणाले. "आता दिवस मावळेपर्यंत वेळ आहे. तोवर निघाली तर निघाली."

"आन् न्हाई निघाली तर?"

"तर मग नाही."

बबनरावांना कढ आला. "साहेब, मला तिच्याशी बोलू द्या. एकच सबूद. झरोक्यातनं बोलतो."

"नाही बोलता येणार, आबा."

"बाप हाय मी तिचा!"

"म्हणूनच तर." सरांचा आवाज मऊ झाला. "खरी गाडी जिथं जाणार आहे तिथं बाप नसतो, आई नसते, ओरडलेलं ऐकायला वारासुद्धा धड नसतो. रुतली की रुतली."

"असलं कसलं गाव म्हणायचं हे," बबनराव म्हणाले, "जिथं गाडीला खांदा द्यायला माणूस न्हाई?"

"तसलंच आहे, आबा. तरी पोरांना जायचं असतं."

*

बबनराव घरी गेले नाहीत. बांधाच्या कडेला बाभळीची विरळ सावली होती, तिथं खाली बसले. तिथून खड्डा दिसायचा. दुपारी सिंधूबाई भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊन आल्या. नवऱ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. हौसरावानं त्यांना वाटेतच सगळं सांगितलं होतं. पदर डोक्यावर ओढून त्याही शेजारी बसल्या.

गाडी पुढं जायची, बसायची. मग बराच वेळ काहीच नाही. मग सगळी चाकं एका अंगाला वळायची, तिरकी, खेकड्यासारखी, आणि वाळू एका बाजूला दाबायची. पुन्हा थांबायची. पुढची चाकं नुसतीच मागं फिरवून बघायची. दर वेळी चाकं फिरली की बबनरावांचा उजवा खांदा आपोआप पुढं यायचा. सिंधूबाईंच्या ते ध्यानात आलं. त्यांनी आपला हात नवऱ्याच्या दंडावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"भाकरी खा."

"खातो."

पण फडकं सोडलं नाही.

"काल शिरा परत आला," सिंधूबाई थोड्या वेळानं म्हणाल्या. "मला वाटलं पोटात दुखतंय का काय पोरीच्या. पर तवाच तिला कळलं हुतं वाटतं."

"व्हय."

"आन् तिनं तुमचं नाव सांगितलं न्हाई."

"न्हाई."

"मग तुम्ही कशाला सांगितलंत?"

बबनरावांनी मातीचं एक ढेकूळ उचलून बोटांत चुरलं. "हौसरावची नोकरी जात हुती," ते म्हणाले. ते खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, हे सिंधूबाईंना कळलं आणि त्यांनी पुढं विचारलं नाही.

उन्हं कलली. ढिगांच्या सावल्या लांब होऊन खड्ड्यात उतरल्या. गाडीच्या पाठीवरची काळी काच निम्मी सावलीत गेली. सर छत्री मिटून उभे होते, त्यांच्याबरोबर आणखी दोघं परीक्षक. केबिनीच्या काळ्या खिडक्यांवर सूर्य तांबडा दिसत होता. आत चार माणसं दाटीवाटीनं बसलेली असणार, तापलेल्या पत्र्याखाली, आणि त्यांच्यापुढं ना हा सूर्य, ना बाभळ, ना आईबाप. फक्त वाळूची एक भिंत, गाडीच्या डोळ्याला दिसते तेवढी.

बबनराव एकदा उठले. जाळीपर्यंत गेले. जाळीचा काठ हातात आला. हौसराव आज जागेवर होता, पण त्यानं आबांकडं बघून मान दुसरीकडं फिरवली. जायचं तर जा, असंच जणू. बबनराव तसेच उभे राहिले. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं.

खिशातला फोन वाजला. वाजू दिला. पुन्हा वाजला.

"घ्या की," बाभळीखालून सिंधूबाई म्हणाल्या. "दादाच असंल."

मारुतरावच होते. दौंडच्या बाजारपेठेत कुठंतरी असावेत, मागं हॉर्न वाजत होते.

"दाजी, दिस मावळाय लागला. पाव्हणं माझ्यासमोर बसल्यात, चहा पिऊन झाला. काय सांगू त्येंन्ला? बैठकीला या म्हणू ना?"

बबनरावांनी खड्ड्याकडं बघितलं. सगळ्या चाकांनी मिळून तिरका जोर लावला होता. गाडीचं अंग थरथरत होतं. वाळू घसरत होती.

"नका म्हणू," ते म्हणाले.

"आं?"

"येऊ नका म्हणावं. पोरगी कामाला जाणार हाय. तिचं झालं की तीच सांगंल काय ते."

पलीकडं हॉर्नच ऐकू येत राहिले. मग मारुतराव हसले, पडेल आवाजात. "हरला म्हणा की दाजी! मशिन निघालं व्हय शेवटी?"

गाडीची थरथर थांबली. चाकं थांबली. वाळूचा एक थर वरून निसटून पुढच्या चाकावर येऊन बसला.

"न्हाई," बबनराव म्हणाले. "रुतलंय अजून."